मुक्काम आधी ठरवा, गाडी नंतर

वाचकाचं पत्र:

आम्ही ॲरिझोनात चँडलरला राहतो. मे महिन्याच्या अखेरीस माझे आई-बाबा नाशिकहून येतायत. लेकीच्या शाळेला सुट्टी लागली की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि आई-बाबा असे पाच जण आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन निघणार आहोत. ग्रँड कॅन्यन, मग झायन, आणि तिथून बोगद्यातून ब्राइस कॅन्यन अशी तीन नॅशनल पार्कं बघायचा बेत आहे. हाताशी दहा दिवस आहेत. जमलं तर यलोस्टोनही गाठू, असं नवऱ्याच्या मनात आहे. आईचे गुडघे दुखतात, तिचं इन्शुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. बाबा रात्री सीपॅप (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारं मशीन) लावून झोपतात. म्हणून एकतीस फुटांची ऐसपैस आरव्ही घ्यावी आणि सगळीकडे पार्कबाहेरच्या खासगी आरव्ही पार्कमध्येच उतरावं, जिथे वीज-पाणी-ड्रेनेज सगळं जोडून मिळतं, असा आमचा विचार आहे. मैत्रीण म्हणते, आतच राहा, नाहीतर एवढं जाण्यात मजा नाही. पण आत असे जोड, म्हणजे हुकअप, नसतात म्हणे. आई-बाबांचे हाल होतील का? नेमकं कुठे राहावं?
स., चँडलर

प्रिय स.,

गाडीचे पैसे अजून भरले नसतील तर थोडं थांबा. बहुतेक कुटुंबं आधी गाडी पसंत करतात आणि मग ती उभी करायला जागा शोधत बसतात. नॅशनल पार्कच्या बाबतीत क्रम उलटा ठेवावा लागतो. रात्री कुठे काढायच्या ते आधी पक्कं करा आणि त्या जागांत मावेल अशी गाडी घ्या.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आत्ताच देऊन टाकते. तिन्ही पार्कांना एकच नियम लावू नका. ग्रँड कॅन्यनला आत राहा, कारण तिथे आतही पूर्ण हुकअप मिळतो. ब्राइसलाही आतच राहा, हुकअप नसला तरी. झायनला मात्र जिथे वीज मिळेल तिथेच उतरा. आत मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर वेशीला लागून असलेल्या स्प्रिंगडेल गावात. यलोस्टोन या खेपेला नको. आणि तो बोगदाही विसरा, त्याबद्दल पुढे सांगते.

आता कारणं. साइटवरच्या, म्हणजे गाडी उभी करायच्या जागेवरच्या, खांबाची वीज, नळाचं पाणी आणि सांडपाण्याचं तोंड हे तिन्ही मिळालं नाही तर आई-बाबांचे हाल होतील, ही तुमची भीती मी समजू शकते. पण आरव्ही ही मुळात दोन-तीन दिवस स्वतःच्या जिवावर चालावी अशीच बांधलेली असते. स्वच्छ पाण्याची टाकी वेगळी, आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची वेगळी, संडासाची वेगळी. शेगडी, हीटर आणि गरम पाणी प्रोपेन गॅसवर चालतं. दिवे आणि पाण्याचा पंप बॅटरीवर. पंचाईत होते ती एसीची. एसीला खांबाची वीज तरी लागते नाहीतर जनरेटर, आणि जनरेटर कधी लावायचा याचे तास पार्कने ठरवून दिलेले असतात. ग्रँड कॅन्यनच्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ८, एवढेच. रात्रभर एसी चालवायचा तर खांबाशिवाय गत्यंतर नाही.

म्हणून उन्हाळ्यात मुक्काम निवडताना मी आधी जागेची उंची बघते आणि मग हुकअप. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर आहे, म्हणजे २,१०० मीटरच्या वर. ब्राइसचं कॅम्पग्राउंड ८,००० फुटांच्या आसपास. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. या दोन्ही ठिकाणी तुम्ही त्याच्याही बऱ्याच वर झोपणार आहात. जूनच्या रात्री तिथे एसीची आठवण येत नाही, बाबा उलट स्वेटर मागतील. झायनची दरी जेमतेम ४,००० फुटांवर. जूनच्या दुपारी तिथे पारा ३८ अंश सेल्सियसला सहज टेकतो आणि दोन्ही बाजूंचे उभे कडे दिवसभराचं ऊन रात्री उशिरापर्यंत परत देत राहतात. चँडलरच्या उन्हाची तुम्हाला सवय असेल, पण ती एसी असलेल्या घरात राहून झालेली. तापलेल्या गाडीत आईला विजेशिवाय झोपवू नका.

इन्शुलिनची काळजी हुकअपने सुटत नाही, ती फ्रिज नीट समजून घेतल्याने सुटते. भाड्याच्या आरव्हीत दोन तऱ्हेचे फ्रिज असतात. एक प्रोपेनवरही चालणारा, दुसरा थेट बॅटरीवर चालणारा. गाडी घेताना कुठला आहे ते विचाराच. प्रोपेनवाला असेल तर विजेशिवाय तो खुशाल चालतो, पण गाडी उतरती उभी असेल तर नीट थंड करत नाही. साइटवर पोचलात की आधी चाकांखाली लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फळ्या सरकवून गाडी सपाट करा, चहा नंतर. फ्रिजमध्ये दहा-बारा डॉलरचा छोटा थर्मामीटर ठेवा, २ ते ८ अंशांच्या मध्ये पारा हवा. इन्शुलिन मागच्या थंड पत्र्याला चिकटून ठेवू नका. तिथे ते गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्शुलिन फेकूनच द्यावं लागतं.

बाबांच्या सीपॅपचं म्हणाल तर वीज खातो तो त्यातला पाणी गरम करणारा भाग. तो आणि गरम नळी बंद ठेवली की मशीन फार कमी विजेवर चालतं. बाबांच्या डॉक्टरांना विचारून घ्या की काही रात्री तसं चालेल का. बऱ्याच मशीनना १२ व्होल्टची वायर मिळते, ती आत्ताच मागवा. सोबत सीपॅपसाठीच मिळणारा वेगळा बॅटरी पॅक घेतलात तर निर्धास्त. ब्राइसच्या थंड रात्री हीटरचा पंखाही गाडीच्याच बॅटरीवर फिरत असतो, हे लक्षात ठेवा. प्रोपेन भरपूर आणि बॅटरी रिकामी, म्हणून पहाटे तीनला गारठा, असं नवख्या लोकांचं हमखास होतं. त्यासाठी संध्याकाळच्या ठरलेल्या वेळात जनरेटर चालवून बॅटरी भरून घ्या, तोवर कुकरही लावून होतो. या उंचीवर पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर घरून न्याच.

आता लांबीचं बघू. मेदर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फुटांच्या वरची गाडी घेत नाहीत. म्हणजे तुमची एकतीस फुटी गाडी एका फुटासाठी तिथून बाद. बाकीच्या पार्कांतही मोठ्या गाडीच्या साइट थोड्या असतात आणि त्याच आधी संपतात. तुम्ही पाच जण आहात, पंचवीस फुटी सी-क्लास (ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली) आरव्ही तुम्हाला पुरते. मागचा पलंग आई-बाबांना, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा तुम्हा दोघांना, जेवणाच्या टेबलाचा पलंग लेकीला. दाटीवाटी होईल, पण दिवस तुम्ही बाहेरच काढणार आहात. मात्र मागच्या पलंगाची मांडणी फोटोत नीट बघून घ्या. बऱ्याच पंचवीस फुटी गाड्यांत तो कोपऱ्यात ठोकलेला असतो, आतल्या बाजूला झोपलेल्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. आईच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही. दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग असलेलीच गाडी मागा, मिळत नसेल तर दोन-तीन फूट मोठी घ्या, पण तीसच्या आत राहा. दाराची पायरीही उंच असते. मुठीचा दांडा असलेलं लहान स्टूल सोबत ठेवा.

गाडीची लांबी मोजताना कंपनीच्या जाहिरातीतला आकडा धरू नका. बंपरपासून बंपरपर्यंत, मागे सायकलचा रॅक असेल तर तोही धरून, खरी लांबी विचारा. बुकिंगच्या पानावर प्रत्येक साइटची लांबी दिलेली असते, आणि गाडी उलटी घालावी लागणार की एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येतं तेही लिहिलेलं असतं. पहिल्यांदा आरव्ही चालवणाऱ्याने अंधार पडायच्या आत पोचावं आणि जमेल तिथे दुसऱ्या तऱ्हेची, पुल-थ्रू साइट घ्यावी.

ग्रँड कॅन्यनला तशी साइट मिळते. दक्षिण काठावरचं ट्रेलर व्हिलेज हे पार्कच्या आतलं पूर्ण हुकअपचं एकमेव ठिकाण. तिथल्या साइट पुल-थ्रू आहेत, ५० फुटांपर्यंतच्या गाड्या मावतात आणि ते वर्षभर उघडं असतं. देखणं नाही, हे आधीच सांगते. गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि खिडकीतून शेजाऱ्याची आरव्ही दिसते. पण संध्याकाळी एल्क हरणं साइटींच्या मधून चरत जातात, दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि फुकटच्या शटलने थेट काठावर जाता येतं. आरव्ही जागेवरून हलवायचीच नाही. उन्हाळ्यात काठावरच्या पार्किंगमध्ये एवढी गाडी घुसवण्याचा ताप तुम्ही करून घेऊ नका. शटलमध्ये व्हीलचेअरसाठी उतार आहे, आईला चढायला तोच सोपा पडेल. यावापाई पॉइंटच्या आसपासची काठाची वाट पक्की आणि बरीचशी सपाट आहे, तेवढं तरी ती नक्की चालू शकेल. पहाटे बाहेरच्या गावातून निघून प्रवेशद्वाराच्या रांगेत उभं राहणं आणि उठल्यावर दहा-पंधरा मिनिटांत काठावर पोचणं यात या वयाच्या माणसांसाठी फार मोठा फरक आहे.

या ठिकाणाचं बुकिंग सरकारी संकेतस्थळावर नसतं, ते चालवणाऱ्या डेलावेअर नॉर्थ कंपनीकडे करावं लागतं, आणि मेदरच्या बरंच आधी खुलं होतं. तेव्हा ते आजच बघा. न मिळाल्यास मेदर. तिथे हुकअप नाही, पण डम्प स्टेशन (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) आहे, पाइनची सावली आहे आणि खरं सांगायचं तर जागा जास्त सुंदर आहे. त्यातला पाइन लूप (साइटींचा त्या नावाचा गट) तेवढा टाळा, तिथे जनरेटरला मुळीच परवानगी नाही. तेही नाही जमलं तर दक्षिण दरवाजाच्या बाहेर टुसायानमध्ये हुकअपवालं कॅम्पग्राउंड आहे.

हुकअप मिळणार म्हणून स्वच्छ पाण्याची टाकी रिकामी नेऊ नका. दक्षिण काठाचं सगळं पाणी दरी ओलांडून येणाऱ्या एका जुन्या पाइपलाइनने येतं आणि ती फुटत असते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस ती अनेक ठिकाणी फुटली, तेव्हा आतल्या हॉटेलांतले मुक्काम काही दिवस बंद ठेवावे लागले आणि कॅम्पग्राउंडमध्ये नळाला पाणी नव्हतं. जाताना वाटेवरच्या फ्लॅगस्टाफ गावात टाकी भरून घेतलीत की असं काही झालं तरी तुमचं अडणार नाही.

पहिले तीन दिवस हुकअपच्या ठिकाणी काढण्याचा आणखी एक फायदा म्हणजे नवऱ्याचा हात बसतो. वीज जोडताना खांबावरचा खटका आधी बंद करायचा, मग प्लग घालायचा, मग खटका चालू. सांडपाण्याचा पाइप जोडला तरी संडासाच्या टाकीची झडप उघडी ठेवायची नाही. उघडी ठेवली की पाणी वाहून जातं आणि घट्ट माल टाकीत थर धरून बसतो, तो मग निघता निघत नाही. टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्या. रिकामी करताना आधी संडासाची, मग आंघोळीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. रबरी हातमोजे घाला आणि पाइपचं तोंड हाताने दाबून धरा, नाहीतर उसळतं. फोडणीचं तेल मोरीत ओतू नका, जुन्या डब्यात गोळा करून कचऱ्यात टाका. गाडीतली गरम पाण्याची टाकी बहुधा सहा गॅलनचीच असते. दोन माणसांच्या शॉवरलाही ती पुरत नाही, बादली-मग घेऊन आंघोळ केलीत तर तिघांची होते. बाबांना तसंही तेच आवडेल.

तिथून ब्राइस एका दमात गाठू नका. पावणेतीनशे मैलांच्या वर रस्ता आहे आणि आरव्हीने तो दिवसभराचा होतो. मध्ये पेज गावाजवळ लेक पॉवेल तलावाच्या काठावर वाहवीप कॅम्पग्राउंड आहे, तिथे पूर्ण हुकअप मिळतो. एक रात्र तिथे थांबा, टाक्या रिकाम्या करा, पाणी भरा, बॅटऱ्या भरा. उकाडा असेल, पण एसी चालेल.

तयारीने गेलात की ब्राइसचं नॉर्थ कॅम्पग्राउंड हे तुमच्या सहलीतलं सगळ्यात सुंदर मुक्कामाचं ठिकाण ठरेल, असं मी ठामपणे सांगते. हुकअप नाही, उंच पाइन आहेत आणि काठ अगदी जवळ आहे. सनराइज पॉइंटपर्यंत पायी जाता येतं. सूर्य वर येताना त्या हजारो केशरी सुळक्यांच्या कडा एकेक करून पेटत जातात आणि जेमतेम अर्ध्या तासात तो रंग उतरतो. बाहेरून गाडी काढून येणाऱ्याचं हे बरेचदा हुकतं. दोनच रात्री राहायचं आहे, तेवढ्याला टाक्या पुरतात. डम्प स्टेशन कॅम्पग्राउंडजवळच आहे, जाताना तिथे थांबा. पार्कात उन्हाळ्यात शटल फिरते, तेव्हा इथेही आरव्ही हलवायला नको. रात्री आकाश इतकं काळं असतं की लेकीला आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसेल. सीपॅपची घडी बसली नाही असं पेजला लक्षात आलंच, तर प्रवेशद्वाराबाहेर रुबीज इनचं आरव्ही पार्क आहे, तिथे सगळे हुकअप मिळतात आणि शटलही तिथून सुटते. त्यात कमीपणा काही नाही. आईचं-बाबांचं बरं असणं हे कुठल्याही सूर्योदयाच्या आधी.

ग्रँड कॅन्यनहून मी तुम्हाला आधी ब्राइसला का नेते, त्याचं कारण तो बोगदा. झायनच्या पूर्वेकडून येणारा झायन-माउंट कार्मेल रस्ता १९३० साली पूर्ण झाला. त्यावरचा बोगदा १.१ मैल लांब, पण त्या काळच्या गाड्यांच्या मापाचा. पूर्वी मोठ्या गाडीसाठी १५ डॉलर घेऊन रेंजर समोरची वाहतूक थांबवत आणि आरव्ही बोगद्याच्या मधोमध चालवत काढता येई. जुन्या प्रवासवर्णनांत सगळीकडे तेच लिहिलेलं सापडेल, तुमचाही बेत त्यावरूनच ठरलेला दिसतो. पण २०२६ च्या जूनपासून ती सोय संपली. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडीला त्या रस्त्याने जाता येत नाही, पैसे भरूनही नाही. पंचवीस फुटी सी-क्लाससुद्धा उंचीला आणि रुंदीला यात बसत नाही, तेव्हा लहान गाडी घेतल्याने इथे सुटका नाही.

म्हणून पेजहून यूएस ८९ महामार्गाने कनाबमार्गे सरळ उत्तरेला ब्राइसला जा. शेवटी रेड कॅन्यनमध्ये खडकात कोरलेल्या दोन छोट्या कमानी लागतील, त्यांतून आरव्ही जाते, घाबरू नका. ब्राइसहून झायनला जाताना पँग्विचवरून यूटा २० रस्त्याने आय-१५ महामार्गाला लागा आणि दक्षिणेकडून स्प्रिंगडेलमार्गे पार्कात शिरा. परतताना हरिकेन गावातून यूटा ५९, फ्रेडोनिया, कनाब, पेज असं करत फ्लॅगस्टाफ. ही वाट लांबची आहे, पण मोकळी आहे.

झायनला आत वॉचमन कॅम्पग्राउंड आहे. सगळ्या साइटींना वीज नाही, फक्त ए आणि बी लूपला. बुक करताना लूपचं अक्षर दोनदा बघा. नळजोड आणि सांडपाण्याचा जोड कुठेच नाही, डम्प स्टेशन वापरावं लागतं. अंघोळीच्या सोयीही पार्कात नाहीत. पण दक्षिण दरवाजापासून ते पाव मैलावर आहे, आणि हंगामात दरीतल्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असल्याने सगळ्यांना शटलनेच जावं लागतं. ती तिथून चालत गाठता येते. ए-बी लूप नाही मिळाला तर वीज नसलेली साइट घेऊन आत राहण्याचा हट्ट इथे धरू नका. स्प्रिंगडेलमध्ये हुकअपची खासगी आरव्ही पार्क आहे आणि गावाची फुकट शटल तुम्हाला प्रवेशद्वाराशी आणून सोडते. बाहेर राहून इथे काहीच हुकत नाही. तुमची मैत्रीण ब्राइसबद्दल बरोबर आहे, झायनबद्दल तुम्ही.

रात्री अशा वाटा: ट्रेलर व्हिलेजला तीन, वाहवीपला एक, ब्राइसला दोन, झायनला दोन, परतीत फ्लॅगस्टाफला एक. दहा दिवस भरले.

मेदर आणि वॉचमनचं बुकिंग रेक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर बरोबर सहा महिने आधी, पूर्वेच्या वेळेनुसार सकाळी १० ला खुलं होतं. जूनची तारीख डिसेंबरात उघडणार, तेव्हा चँडलरच्या घड्याळात सकाळचे ८ वाजलेले असतील. आदल्या दिवशीच खातं उघडून, गाडीची लांबी भरून, पसंतीच्या पाच-सहा साइटींचे नंबर कागदावर लिहून तयार राहा. नवरा एका लॅपटॉपवर, तुम्ही दुसऱ्यावर. ए-बी लूप काही मिनिटांत संपतो. तेव्हा नाही मिळाला तर स्प्रिंगडेलला रद्द करता येईल असं बुकिंग करून ठेवा आणि त्याच संकेतस्थळावर साइट मोकळी झाल्याची सूचना लावा. लोकांचे बेत बदलतात, जायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत बरंच काही सुटतं. आणि जो आधी येईल त्याला जागा या तत्त्वावरची कॅम्पग्राउंड्स वयस्कर माणसं सोबत असताना धरायचीच नाहीत.

पैशांचं एक सांगायला हवं. २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक पाहुण्याला अकरा मोठ्या पार्कांत नेहमीच्या प्रवेश फीवर १०० डॉलर जादा लावले आहेत, आणि तुमची तिन्ही पार्कं त्या यादीत आहेत. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. आई-बाबा दोघं आणि पार्कं तीन, तेव्हा निघण्याआधी हा हिशेब मांडून पास घेऊन ठेवा. दरवाजावर रांगेत उभं राहून तो सोडवू नका.

राहिलं यलोस्टोन. ब्राइसहून ते सहाशे मैलांच्या आसपास आहे, म्हणजे जायचे दोन दिवस, यायचे तीन. त्यापेक्षा त्याला पुढच्या वर्षी स्वतंत्र आठवडा द्या, कारण तिथे मुक्कामाचा विचार आणखी वेगळा करावा लागतो. आतला मुख्य रस्ता आठाच्या आकड्यासारखा १४२ मैलांचा, वेगमर्यादा ताशी ४५ मैल, आणि बायसनचा कळप रस्त्यावर उतरला की तासभर तिथेच. बाहेर वेस्ट यलोस्टोन गावात राहून रोज पलीकडचं टोक गाठायचं म्हटलं तर दिवस गाडीतच जातो. म्हणून तिथे मुक्काम दोन ठिकाणी विभागायचा. ओल्ड फेथफुल आणि गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी मॅडिसन कॅम्पग्राउंड, तिथून ओल्ड फेथफुल १६ मैल, हुकअप नाही. मग तळं, दरी आणि हेडन व्हॅलीतल्या प्राण्यांसाठी फिशिंग ब्रिज. पूर्ण हुकअप असलेलं आतलं ते एकच कॅम्पग्राउंड, आणि तिथे अस्वलांमुळे पक्क्या भिंतींच्या गाड्यांनाच परवानगी आहे, तंबूच नव्हे तर कापडी बाजूंचा ट्रेलरही चालत नाही. सी-क्लासला अडचण नाही. ही दोन्ही ठिकाणं झँटेरा कंपनी चालवते आणि त्यांचं बुकिंग जवळजवळ वर्षभर आधी उघडतं. जूनमधल्या तारखा हव्या असतील तर या सहलीहून परतलात की त्याच आठवड्यात नवऱ्याला त्या कामाला लावा. आई-बाबांचा व्हिसा आणि तिकिटं नंतर जुळवता येतील, फिशिंग ब्रिजची साइट नंतर मिळणार नाही.